प्रभूच्या हाती सोपवायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न

जोडीदाराच्या मोठ्या आजारपणात येशूकडे वळलेल्या, किंवा वळावं की नाही या विचारात असलेल्या सोलापूरच्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं दोघांनी मिळून दिली आहेत: एक मंडळीचे पाळक आणि दुसऱ्या डायलिसिस व कॅन्सरच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिका. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं कोणाचीच छापलेली नाहीत. पाण्याचं माप आणि औषधाची मात्रा प्रत्येक रुग्णाची वेगळी असते. ती आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

*

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर आहे. मिसेसची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. फाइल, गोळ्या, पाणी, वजन सगळं मीच बघतो, वहीत लिहितो. तरी दर वेळी वजन तीन किलोंनी वाढलेलं निघतं. ती लपून पाणी पिते, मग घरात भांडण. कामावरच्या मित्राबरोबर मी काही रविवार उपासनेला गेलो, बरं वाटलं. तिथे सांगितलं, ‘सगळं प्रभूच्या हाती सोपवा.’ मी सोपवलं तर इकडे हिचं पाणी कोण मोजणार? आणि मी अजून ख्रिस्ती झालेलो नाही, तर माझी प्रार्थना चालते का?

उत्तर: शेवटचं आधी घेऊ. चालते. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, त्याच्याकडे मदत मागायला आलेली माणसं कोणत्या मंडळीच्या यादीत नव्हती. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा अधिकारी, तर परक्या सैन्यातला (मत्तय ८). मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप ‘माझा विश्वास आहे’ म्हणतो आणि त्याच दमात ‘माझा अविश्वास घालवा’ अशी विनवणी करतो. आधी विश्वास पक्का करून ये, असं त्याला कोणी सांगितलं नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसा, ऐका. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याचा विधी, बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तेव्हा ताट समोर आलं की शेजाऱ्याकडे द्या, कोणी वावगं मानत नाही. दानाच्या थैलीचंही तसंच, सक्ती नसते. घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगू उपासनेची वेळही विचारून घ्या. दुखण्याखुपण्यातली प्रार्थना आईच्या भाषेत सोपी जाते.

आता सोपवण्याचं. त्याचा क्रम गेथशेमाने बागेत, येशूला अटक झाली त्या रात्री, दिसतो. येशूने आधी सरळ मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळो, आणि मग म्हटलं की माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मत्तय सांगतो की हे त्याने तीनदा केलं. म्हणजे एकदा सोपवलं आणि झालं, असं त्यालाही जमलं नाही. जे मागणं गिळून पहिल्याच दिवशी ‘तुझी इच्छा’ म्हणतात ते पुष्कळदा नुसते थकलेले असतात. तुम्ही मागा. ‘ती जगू दे’ असं स्पष्ट मागा.

सोपवायचा असतो तो निकाल. पाणी मोजणं हे काम आहे आणि काम आपल्याकडेच राहतं. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळत होतं, पण तो मान्ना रोज पहाटे उठून वेचावा लागे, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप. कोणी उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडत (निर्गम १६). आजचं वेचायचं, उद्याचं साठवायचं नाही, एवढाच तो नियम आहे आणि डायलिसिसच्या घराला तो चपखल बसतो. पुढच्या वर्षी हिचं काय, हे आज वेचायला निघालात की आजचंही हातचं जातं.

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी: तुम्ही जे धरून बसला आहात ते चुकीच्या टोकाला धरलं आहे. वहीत पाणी आहे, मीठ नाही. सलाइनच्या लिटरभर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं, आणि रक्तातलं मिठाचं प्रमाण शरीर साधारण तेवढंच राखतं. जादा ९ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर लिटरभर पाणी मागणारच, आणि लघवी होत नसल्याने ते अंगातच साचणार. ही तहान म्हणजे तिची खोड नव्हे. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात भाकरी, आमटी, चटणी सगळं आलं. आपल्याकडची शेंगाचटणी, लोणचं, पापड, बेकरीची खारी यांतच ते संपतं. शेंगदाण्यात फॉस्फरसही भरपूर, म्हणजे दुहेरी नुकसान. चव हवी तर लिंबू, जिरं, लसूण, मिरी वापरा. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ मात्र घरात आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते निकामी मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही, आणि पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचं पाणी नको ते याच कारणाने. भेटायला येणारे नेमकं तेच घेऊन येतात, म्हणून आधी सांगून ठेवा.

पाण्याचं साधारण गणित असं: आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक ५०० मिलिलिटर. चहा, ताक, आमटीचं पाणी, बर्फ सगळं त्यात धरायचं. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन, ५० किलो असेल तर चार तासांत दोन ते अडीच लिटरच्या वर पाणी ओढलं की रक्तदाब कोसळतो आणि पोटऱ्यांत गोळे येतात. तीन किलोंवर तुमचा जीव घाबरतो तो उगाच नाही.

पण माप तिच्या हातात द्या. सकाळी दिवसभराचं ठरलेलं पाणी एका बाटलीत भरून तिच्यासमोर ठेवा. चहा प्यायली तर तेवढं तिनेच बाटलीतून ओतून टाकायचं. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, त्यातलं थोडं पाणी बर्फाच्या लहान खड्यांत करून ठेवा. खडा चघळला की घोटापेक्षा जास्त वेळ तोंड ओलं राहतं. बाटली संपली तर तुम्ही बोलायचं नाही. पुढच्या डायलिसिसला काटा बोलेल आणि टेक्निशियन समजावेल. तुम्ही पोलीस झालात म्हणून ती चोर झाली. भांडणाबद्दल तिची एकदा सरळ माफी मागा, त्यात धर्मोपदेश घालू नका.

तुमच्याकडे ठेवायची कामंही आहेत. हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असेल तर त्याची थरथर सकाळ-संध्याकाळ बोटांनी तपासायची. थरथर थांबली की त्याच दिवशी सेंटर गाठायचं. गुठळी ताजी असेल तर काढता येण्याची शक्यता असते, उशीर झाला की नवा फिस्टुला करावा लागतो. त्या हातावर बीपीचा पट्टा, सुई, घट्ट बांगड्या, पाण्याची घागर यांतलं काही नको. मानेत नळी असेल आणि थंडी वाजून ताप आला तर तोही त्याच दिवशीचा मामला.

रात्री त्याच वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहा: आज माझ्या हातात होतं ते काय केलं, आणि माझ्या हातात नसलेलं काय डोक्यात घोळतंय. पहिल्या ओळीबद्दल आभार, दुसरी ओळ मोठ्याने वाचून ‘हे तुझं’ म्हणायचं. पाच मिनिटं पुरतात. शब्द सुचत नसतील तर पवित्रशास्त्रातलं स्तोत्र १३ उघडा. सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातीलाच देवाला ‘किती काळ?’ असं चारदा विचारलेलं आहे. देवापुढे तक्रार करायला बंदी नाही. सेंटरबाहेरच्या चार तासांत मार्कचं शुभवर्तमान हळू वाचलं तरी पुरं होतं, सोळाच अध्याय आहेत. विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी ज्याच्यावर ठेवायचा त्याच्याबद्दल सलग एकदा वाचलेलं बरं. सुटे वचनांचे फोटो फोनवर येत राहतात, त्यावर हा निर्णय करू नका.

आणखी एक. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसे, तेव्हा त्याचा सासरा म्हणाला, तू झिजून जाशील, माणसं नेम (निर्गम १८). मंडळीत कोणी ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की लगेच सांगा: ‘गुरुवारी हिला सेंटरला सोडाल का? माझी पाळी आहे.’ दिवस आणि काम नेमून दिलं नाही तर ती मदत हवेतच राहते.

*

प्रश्न: यजमानांना तोंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. मी वर्षभरापासून येशूला मानते. सासूबाई म्हणतात, घरचा देव सोडलास म्हणून हे आलं. प्रार्थनेच्या ताई म्हणतात, त्यांनी विश्वास ठेवला तरच बरे होतील. ते मात्र काहीच बोलत नाहीत. मी त्यांच्या उशाखाली पवित्रशास्त्र ठेवते. पंढरपूरचा प्रसाद घरी आला तर काय करू? मंडळीच्या बायका रोज घरी येतात, तेही सासूबाईंना खटकतं.

उत्तर: ताई, सासूबाईंचं म्हणणं आणि प्रार्थनेच्या ताईंचं म्हणणं वरवर उलट वाटतं, पण दोघींचा हिशोब एकच आहे: कोणाच्या तरी वागण्याने आजार आला, कोणाच्या तरी वागण्याने जाईल. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. तोंडाच्या कॅन्सरची मुख्य कारणं तंबाखू, गुटखा, मावा, सुपारी ही आहेत. तेही आता यजमानांना ऐकवू नका, त्यांना ते ठाऊक आहे. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा मुलगा जातोय की काय या भीतीने त्या बोलत आहेत. केमोच्या दिवशी त्यांना बरोबर न्या, फाइल त्यांच्या हातात द्या. दोष द्यायला जागा शोधणाऱ्या माणसाला काम मिळालं की निम्मा राग उतरतो.

उशाखालचं पवित्रशास्त्र आजच काढा. त्यांना न विचारता ठेवलेलं पवित्रशास्त्र ताईतासारखं होतं, आणि ताईत म्हणून ते लिहिलेलंच नाही. टेबलावर ठेवा आणि एकदाच विचारा: ‘मी रात्री तुमच्याजवळ बसून प्रार्थना केली तर चालेल का? नको असेल तर मी स्वयंपाकघरात करीन.’ नको म्हणाले तर विषय तिथेच ठेवा. मात्र ‘काहीच बोलत नाहीत’ याचा अर्थ लावण्याआधी हे बघा की त्यांना बोलता येतंय का. जिभेचा किंवा जबड्याचा भाग काढल्यावर शब्द अडतात, केमोने तोंड सोलवटतं, आणि आपलं बोलणं कोणाला कळत नाही म्हटल्यावर माणूस गप्प होतो. पाटी नाहीतर वही-पेन हाताशी द्या. वाचा-उपचार करणाऱ्या थेरपिस्टबद्दल रुग्णालयात विचारा. लवकर सुरुवात केली तर गिळणं आणि बोलणं दोन्ही सुधारायला मदत होते.

नवरा विश्वासात नसला तरी संसार तसाच चालू ठेवावा, असं प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं आहे (१ करिंथ ७). मराठी ख्रिस्ती माणसांना तर जवळचं उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो निर्णय स्वतःचा म्हणून घेतला तो १९०० मध्ये, आणि मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली. विश्वास दुसऱ्याच्या वतीने ठेवता येत नाही, घाईने तर नाहीच. बरं होण्याची अट म्हणून कोणी तो मागत असेल तर तो नवसाचाच प्रकार झाला, फक्त देवाचं नाव बदललं.

प्रसाद त्यांचा आहे, त्यांना द्या. तो खाण्यासारखा आहे का एवढंच बघा: तोंड आलेलं असताना चुरमुरे आणि खडीसाखर टोचतात. पेढा दुधात कुस्करून दिला तर आईलाही बरं वाटेल.

रोज येणाऱ्या बायकांबद्दल सासूबाई बरोबर आहेत, कारण वेगळं असलं तरी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या दिवसांत दहा जणींनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. सर्दी-खोकला असलेलीने उंबरा ओलांडू नये. बाकीच्यांनी एका वेळी दोघी, हात साबणाने धुऊन, दहा मिनिटं. उरलेल्यांनी प्रार्थना आपल्या घरी करावी, ती पोचायला अंतर लागत नाही. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता असला तरी रुग्णालय गाठायचं. पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत रक्तात पसरतो आणि गोळीने ताप दडपला की तो कळत नाही. हे मंडळीच्या बायकांनाही सांगा, म्हणजे त्या रात्री रिक्षा कोणाची हे आधीच ठरेल. पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडणारे चौघे जण मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आहेत. त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही, त्यांनी नुसती खाट उचलली.

*

प्रश्न: आम्ही घरच्यांनी २१ दिवस उपवास-प्रार्थना केली. नवीन स्कॅनमध्ये पत्नीची गाठ वाढलेली आहे. आमचा विश्वास कमी पडला का?

उत्तर: नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा मागितलं, काटा राहिला (२ करिंथ १२). आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत गावी आजारीच सोडून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०), आणि तीमथ्याच्या पोटाच्या वारंवार दुखण्यावर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (१ तीमथ्य ५:२३). ही विश्वासात कमी पडलेली माणसं नव्हती. तुमच्या मंडळीत कोणी ‘विश्वास कमी’ म्हणत असेल तर हे तिन्ही उतारे त्यांच्यापुढे ठेवा.

स्कॅनचा अर्थ डॉक्टरांना तीन प्रश्नांत विचारा: या औषधाचा उपयोग थांबला आहे का, पुढच्या औषधाने नेमकं काय साधेल, बरं होणं, दिवस वाढणं की त्रास कमी होणं, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. उत्तरं तिथेच लिहून घ्या. घरी आल्यावर प्रत्येकाला वेगळं आठवतं.

उपवासाबद्दल एक ताकीद. सांभाळणाऱ्याला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पूर्ण उपवास करू नये, साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. रुग्णाने तर मुळीच नाही. कॅन्सरमध्ये वजन टिकवणं हा उपचाराचाच भाग आहे.

*

प्रश्न: एका चंगाई सभेत सांगितलं की औषध चालू ठेवणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. नवऱ्याला डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलंय. ते म्हणतात, ‘येशूनेही वधस्तंभावर गुंगीचा द्राक्षारस नाकारला, मीही सोसेन.’ रात्रभर कण्हतात. मॉर्फीनची सवय लागते असंही ऐकलं आहे.

उत्तर: सभेचं आधी. औषध, डायलिसिस, इन्सुलिन बंद करा असं जो सांगेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, मग तो कितीही मोठा उपदेशक असो. प्रार्थनेनंतर बरं वाटलं तर छान, डॉक्टरांना सांगा, तपासण्या होतील, औषध कमी करायचं तर ते करतील. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांनी, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असं आहे (५:१४), वैद्य सोडावा असं नाही. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. तुमच्या मंडळीच्या वडिलांना घरी बोलवा, तेलाचा अभिषेक करून घ्या, आणि त्याच रात्रीची गोळी त्याच रात्री द्या. त्या तेलाचं बोट जखमेला किंवा नळीच्या तोंडाला लागू देऊ नका, कपाळ पुरे.

यजमानांचं वचन अर्धं आहे. मार्क १५:२३ मध्ये येशूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, खरं. पण योहान १९ मध्ये शेवटी ‘तहान लागली’ म्हणून त्याने आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, घेतली. शिवाय त्याचं सोसणं जगासाठी होतं असं आपण मानतो. कॅन्सरच्या वेदनेने कोणाचं पाप फिटत नाही. वेदनेने झोप जाते, खाणं जातं, चिडचिड वाढते, आणि प्रार्थनाही होत नाही.

मॉर्फीनबद्दल नीट समजून घ्या. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फीनचं व्यसन क्वचितच लागतं. बराच काळ घेतल्यावर एकदम बंद केलं तर त्रास होतो, म्हणून ते हळूहळू उतरवतात. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठीचं औषधही नाही. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची. दुखेपर्यंत थांबलं की मग जास्त मात्रा लागते. पहिले दोन-तीन दिवस झोप येते, मळमळतं, ते बहुधा ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध बरोबर लागतं. लिहून दिलं नसेल तर विचारा. पुष्कळ घरांत मॉर्फीन बंद होतं ते या एका कारणाने. उठवूनही माणूस जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल तर पुढची मात्रा न देता लगेच रुग्णालयाशी बोला. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर मॉर्फीन अंगात साचतं, तेव्हा डॉक्टर दुसरं औषध निवडतात. किडनीचा रिपोर्ट जुना असेल तर नवा करून, तो दाखवूनच चिठ्ठी घ्या. गोळ्या कुलपात ठेवा आणि उरलेल्यांचा हिशोब लिहा.

व्हेंटिलेटर नको म्हणणं हा अविश्वास का, असंही याच पत्रात विचारलं आहे. नाही. आजार परत फिरणारा नसेल तर यंत्र नाकारणं म्हणजे जीव देणं नव्हे. ही इच्छा लेखी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. निर्णय कोणी सांगायचा त्याचं नाव त्यात लिहा. यजमान शुद्धीत आणि वेदनामुक्त असताना हे बोला. तेही मॉर्फीन वेळेवर दिल्याशिवाय जमायचं नाही.

*

प्रश्न: मी पत्नीच्या आजारपणात विश्वासात आलो. आता दोघांनाही बाप्तिस्मा घ्यायचा आहे. तिच्या गळ्यात डायलिसिसची नळी आहे. आमचा जातीचा दाखला अनुसूचित जातीचा आहे. कागदपत्रांचं काय होईल? उपचाराची योजना बंद होईल का?

उत्तर: योजना बंद होणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत धर्माची अट नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि अंगीकृत रुग्णालयातला आरोग्यमित्र कागद बघतो. अडचण येते ती नाव बदलल्याने. बाप्तिस्म्यासाठी नवीन नाव घेण्याची गरज नाही. उपचार चालू असताना आधारवर एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरं असं झालं की मंजुरी अडकते. हौस असेल तर मंडळीत हाक मारायला नवं नाव ठेवा, कागदावर जुनंच राहू द्या.

दाखल्याचं मात्र गंभीर आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्या सवलती घेता येत नाहीत, आणि लपवून घेणं ही फसवणूक ठरते. नोकरी, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुल यांतलं काय या दाखल्यावर चालू आहे त्याची यादी करून आधी वकिलाकडे जा. स्वतःच्या वारसा हक्काची भीती बाळगू नका; धर्म बदलल्याने तो जात नाही, १८५० च्या कायद्यापासून हे ठरलेलं आहे. हे सगळं कळल्यावरही बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर तो निर्णय भक्कम. पाळकांनी हे आधी सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा. सांगायला लाजणारा पाळक त्या कुटुंबाचं भलं करत नाही.

घाई करू नका. मंडळी सहसा आधी काही काळ शिक्षण देते, तो वेळ घ्या. ‘ती बरी झाली तर’ किंवा ‘ती बरी व्हावी म्हणून’ अशा अटीवर बाप्तिस्मा नको. उद्या रिपोर्ट वाईट आला तर त्याच दिवशी विश्वासही कोसळतो.

गळ्यात नळी असताना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देता येणार नाही. नळीचं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, पट्टी भिजली की जंतू रक्तात शिरतात. विहीर, तलाव, हौद काहीही चालणार नाही, प्लॅस्टिक गुंडाळूनही नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्यांत डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देतात. डोकं नळीच्या उलट बाजूला कलवायचं, खांद्यावर कोरडा जाड टॉवेल, ओंजळभर पाणी. तुमची मंडळी बुडवण्याबद्दलच आग्रही असेल तर फिस्टुला तयार होऊन नळी निघेपर्यंत थांबा. फिस्टुला वापरात यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त, आणि नळी काढल्यावर जखम पूर्ण भरायला हवी. तारीख डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीची घ्या. त्या दिवशी अंगात पाणी कमी असतं, धाप लागत नाही आणि तिला उभं राहता येतं.